पिवळ्या फुलाखालचा डाग

मी एक जुनी, वाळकी, कागदाला चिकटलेली बटरकप आहे. मित्रांनो, ऐकायला बसलात ते बरं केलंत, पण नाक जरा लांब ठेवा. माझ्या अंगाला अजूनही झुरळांचा वास येतो. इतकी वर्षं लोटली, तीन कपाटं बदलली, उशाशी कापराच्या वड्या ठेवून झाल्या, तरी तो वास गेला नाही. स्वतःचीच किळस येणं म्हणजे काय असतं, ते मला विचारा.

बटरकप म्हणजे लोण्याची वाटी. साहेबलोकांच्या देशातल्या मुलांनी ठेवलेलं हे नाव. आमच्या पाकळ्या तूप चोपडल्यासारख्या चकाकतात, एवढ्यावरून त्यांनी ठरवून टाकलं की आत लोणी असणार. मित्रांनो, आमच्या अंगात लोणी नाही, आग आहे. आमचं ताजं पान चुरगळून कातडीवर बांधलं तर फोड उठतो. गाय आम्हाला वळसा घालून चरते. जगातलं काहीही चघळणारी शेळीसुद्धा एकदा तोंड लावते आणि शिंकत निघून जाते. मला त्याचा फार गर्व होता.

आमचं कुळ मोठं, शेकडो जातींचं, आणि खरं सांगू, त्यातल्या निम्म्यांची मला किळसच येते. एक बहीण उत्तरेतल्या नद्यांच्या चिखलात लोळते. भिकारी तिचा रस पायाला चोळून मुद्दाम जखमा करतात आणि दयेचे पैसे मागतात. एक काश्मीरच्या तळ्यात बुडून राहते, पानांचे नुसते दोरे झालेत आणि फूलही पांढरं. एकीच्या बियांना काटे, ती गव्हाच्या शेतात चोरासारखी शिरते. एक जमिनीवर सरपटत जाते आणि पावलापावलाला मूळ धरते. एकीच्या बुडाशी कांदा. एक बर्फाच्या कडेला बोटभर उंचीची, तरी ऐट केवढी. नीलगिरीत माझ्या शेजारीच गोल पानांची एक राहायची, ती तेवढी सभ्य होती. बाकी सगळ्यांना पाच पाकळ्या. मला सात. त्या सात पाकळ्यांसाठीच ही सारी कथा घडली, म्हणून हा आकडा लक्षात ठेवा.

माझा जन्म नीलगिरीतल्या एका दलदलीच्या काठी झाला. तिथे माझ्या जातीची आम्ही तिघीच होतो. तंजावरचं राज्य खालसा होऊन तीसेक वर्षं झाली असतील तेव्हा. गोपालकृष्णराव नावाचे एक गृहस्थ गुडघाभर चिखलातून माझ्यापर्यंत आले. ते कुंभकोणमचे. त्यांचे आजोबा तंजावरच्या दरबारात कारकून होते. दरबार गेला तशी कारकुनीही गेली, आणि नातू एका गोऱ्या साहेबाच्या हाताखाली झाडपाला गोळा करू लागला. साहेबाला हिंदुस्थानातल्या सगळ्या बटरकपांवर पुस्तक लिहायचं होतं. रावांनी वाकून माझ्या पाकळ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, मग मला मुळासकट उपटलं. बाकीच्या दोघींना बी धरायला ठेवलं. भला माणूस होता. पण पुढच्याच वर्षी कुणी तिथे चर खणून पाणी काढलं आणि चहा लावला, त्या दोघी गेल्या. उरले मी एकटी.

साहेबाने भिंग लावून मला पाहिलं आणि म्हणाला, ही जात अजून कुणी लिहून ठेवलेली नाही. पुस्तकात छापायची तर वाळवलेलं रोप नीट राहिलं पाहिजे, सातही पाकळ्या दिसल्या पाहिजेत; तसं झालं तर शोधणारा म्हणून गोपालकृष्णाचं नाव छापलं जाईल. त्या दिवशी रावांना जेवण गेलं नाही. दरबार गेल्यापासून त्यांच्या घराण्याचं नाव कुठल्याच कागदावर आलं नव्हतं.

डोंगरात रावांना हिवताप लागला, हात कापू लागले. साहेब म्हणाला, तू चार महिने घरी जा. तुझ्या गावी कोरडं ऊन आहे, इथल्यासारखी बुरशी नाही. सगळी रोपं घरी नेऊन कागदावर चिकटव. कार्तिकात मी मद्रासला विलायतेची बोट पकडायला जाईन, तेव्हा वाटेत उतरून पेटी घेईन. त्याने जाड कागद दिले आणि एक पत्र्याचा डबा दिला. डब्यात सरस होता, आणि त्यात कीड लागू नये म्हणून विषारी रसकापूर कालवलेला.

अशा आम्ही, देशभरातून साहेबाकडे जमलेल्या सत्तावीसजणी, आगगाडीने कुंभकोणमला आलो. कावेरीच्या घाटाकडे जाणाऱ्या गल्लीत रावांचं घर होतं. घरात त्यांची बायको मीनाक्षीबाई आणि धाकटी बहीण पंकजा. पंकजा नवव्या वर्षी विधवा झालेली, आता तिशीला टेकलेली. देवासाठी फुलं ओवणं हे तिचं काम, आणि बोटं अशी हलकी की जाईच्या पाकळीवर डाग पडायचा नाही. रावांचे हात कापत, म्हणून आम्हाला चिकटवायचं काम तिच्याकडे आलं. आठ दिवसांत तिने आमच्या जाती ओळखायला सुरुवात केली. पाण्यातलीला ती "बुडकी" म्हणायची, काट्यांवालीला "भांडकुदळ" आणि मला "सातपाकळी". मला ते नाव साहेबाच्या लॅटिनपेक्षा आवडलं.

मग मीनाक्षीबाईंनी सरसाचा डबा उघडला. मित्रांनो, सरस म्हणजे ढोरांचं कातडं, हाडं आणि खूर दिवसभर उकळून काढलेला चिकटा. त्याची घाण स्वयंपाकघरापर्यंत गेली.

"काय हें, पंकजा?" मीनाक्षीबाईंनी पदर नाकाला लावला.

"पसै. दुरैंनी दिल्ही आहे, रोपं लावायला." तिकडच्या बोलीत पसै म्हणजे चिकटा आणि दुरै म्हणजे गोरा साहेब.

"बैलाचें कातडें हें. देवघराच्या भिंतीला भिंत लागून आहे आणि तूं हें हातांत धरशील? आणि त्याच हातांनीं उद्यां विठ्ठलाला हार करशील?"

पंकजाने डब्यात वाकून पाहिलं आणि तिला कोरडी ओकारी आली. "नको वैनी. माझ्यानें व्हायचें नाहीं."

"मग भाताची खळ कर की. तुझ्या अण्णास सांगायला नको, ते भीत बसतील."

झालं. डबा गोठ्याच्या आढ्याला टांगला गेला. पंकजाने जुने तांदूळ शिजवले, फडक्यातून तीनदा गाळले, हळद घातली, आणि सोवळ्यात राहून एकेका रोपाला खळ लावली. काम असं देखणं झालं की राव कागद उलटून उलटून बघत राहिले. सरस कुठला आणि खळ कुठली, हे तापात पडलेल्या माणसाला काय कळणार? आणि मी, मित्रांनो, मी तर सोवळ्याहून सोवळी. ढोराचा चिकटा अंगाला लागला नाही म्हणून मी मनातल्या मनात खूश झाले. ही माझी चूक मी लपवणार नाही. त्या दिवशी त्या घरात एकही जीव असा नव्हता की ज्याने किळस बाजूला ठेवून विचार केला.

आश्विन लागला. त्या मुलखात नवरात्रात बाहुल्यांची कोलू मांडतात: पेट्या, फळ्या, ट्रंका एकावर एक रचून पायऱ्या करायच्या, वर धोतर अंथरायचं आणि त्यावर देव, राजे, वाणी-वाणीण अशा मातीच्या बाहुल्या बसवायच्या. मीनाक्षीबाईंना खालची पायरी कमी पडत होती. आमची पेटी बरोबर त्या मापाची निघाली. नऊ दिवस आमच्या डोक्यावर बाहुल्या बसल्या होत्या. बायका रोज संध्याकाळी येऊन गात होत्या आणि सुंडल, म्हणजे हरभऱ्याची कोरडी उसळ, खात होत्या. उकडलेल्या हरभऱ्यांचे दाणे, खोबरं, गुळाचे थेंब धोतरावरून ओघळून पेटीच्या फटीत जात होते. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आत भाताची खळ, बाहेर गूळ. झुरळांना पंचपक्वान्नाचं ताट वाढून दिलं होतं.

मग त्या बाजूचा पाऊस आला. तिकडे तो आश्विन-कार्तिकात येतो. भिंतींना ओल आली आणि झुरळं आली. तमिळ लोक त्यांना करप्पान म्हणतात. नाव काहीही घ्या, किळस तीच. तांबूस, तेलकट, लांब मिशांची, अंगावरून जाताना पायांच्या काट्यांनी ओरबाडत जाणारी. आधी त्यांनी खळ खाल्ली, मग कागद खाल्ला, मग आम्हाला. मी म्हटलं ना की आमच्या अंगात आग असते? वाळलं की ती विझते. जिला जिवंतपणी शेळीने तोंड लावलं नाही, तिला आता झुरळं कुरतडत होती, आणि त्यांची लेंडी माझ्या पानावर पडत होती. माझ्या उजव्या बाजूची बुडकी दोन दिवसांत संपली. भांडकुदळीच्या काट्यांचा काही उपयोग झाला नाही. बर्फावरची ऐटबाज तर एका घासात गेली. मला तीन फुलं होती. दोन गेली. तिसऱ्याच्या देठापाशी एक पांढरी अळी शिरली आणि तिथेच राहून जाड होऊ लागली. मला ओरडता येत असतं तर मी ओरडले असते.

कार्तिकात एका दुपारी साहेबाचं पत्र आलं की आठ दिवसांनी तो येतोय. पंकजाने पेटी अंगणात आणून झाकण उघडलं. झुरळांचा लोंढा तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत चढला. तिने पेटी टाकली नाही, एवढं मला आठवतं. मीनाक्षीबाई किंचाळून तुळशीपलीकडे पळाल्या. कागदांवर भोकं, काळे ठिपके, अंड्यांच्या डब्या, आणि सत्तावीसजणींपैकी कशाबशा पाच ओळखू येण्यासारख्या.

राव काठी टेकत आले. एक कुरतडलेला कागद उचलून उजेडाकडे धरला.

"पंकजा, सरस लाविलास ना?"

"नाहीं अण्णा. खळ लाविली. सरसाची मज किळस आली."

राव तिथेच जमिनीवर बसले. "मजही आली असती," ते म्हणाले. एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं, असं पंकजाच्या तोंडावर दिसत होतं.

मीनाक्षीबाईंचा भाऊ सेतू त्या दिवशी तिरुनीलक्कुडीहून भात घेऊन आला होता. गडी कामाचा, पण अक्कल चोरवाटेची. तो बांधावर जाऊन पिवळ्या नेरुंजीची, म्हणजे तुमच्या गोखरूची, टोपलीभर रोपं घेऊन आला. "पांच पाकळ्या, पिवळें फूल, काटे. अजून काय पाहिजे? वाळवा, लावा, खालीं तेच नांव लिहा. दुरै बोटींत चढला कीं कोण बघतो?"

मित्रांनो, झुरळांनी मला खाल्लं तेव्हा जेवढी किळस आली नव्हती तेवढी तेव्हा आली. माझ्या मेलेल्या बहिणीच्या नावावर तो गोखरू चिकटणार होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे राव नाही म्हणाले नाहीत. त्यांनी नेरुंजीचं एक रोप उचललं, कागदावर ठेवलं, आणि त्यांची नजर हललीच नाही. बुडत्याला काडीचा आधार, पण ती काडी कुठली आहे हे बघायला नको?

पंकजाने ते रोप त्यांच्या हातातून काढून घेतलं. "अण्णा, खोटें लावूं नका. सातपाकळी आहे अजून. तिचें एक फूल आहे."

"तें अर्धें मेलें आहे."

"अर्धें आहे, तेवढें राखतें."

आणि ती गोठ्याकडे गेली. आढ्याला टांगलेला डबा खाली काढला. सरस वाळून दगड झाला होता. शेणीच्या विस्तवावर गरम पाणी ठेवून तिने तो भिजत घातला. तो सुटू लागला तशी गोठ्यातली गायसुद्धा दावं ताणून मागे सरली. मीनाक्षीबाई दारातून म्हणाल्या, "पंकजा, हें केलेंस तर घरांत पाऊल टाकूं देणार नाहीं. देवाचे हार माझ्याकडे राहूं देत."

"सरि, बरें," पंकजा म्हणाली. "राहूं देत."

वीस वर्षं तिच्या हातात त्या हारांखेरीज दुसरं काही नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.

मला मांडीवरच्या फळीवर ठेवून तिने फुलं ओवायची सुई घेतली. आधी लेंडी खरवडली, एकेक दाणा. मग अंड्यांच्या डब्या. मग सुई माझ्या तिसऱ्या फुलाच्या देठापाशी आणून त्या पांढऱ्या अळीला बाहेर ओढलं. अळी फुटली आणि तिचा चिकट रस पंकजाच्या नखावर आला. ती उठली, गोठ्याच्या कोपऱ्यात भडभडून ओकली, चूळ भरली, आणि परत येऊन बसली. तसं तिने त्या दुपारी तीनदा केलं. मी तेव्हा मोजत होते: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सातवी पाकळी देठापासून सुटून फळीवर पडली होती. नुसता श्वास लागला असता तर ती उडाली असती, आणि मग मी चारचौघींसारखी, एखादी पाकळी जास्तीची, कुणी लक्ष न देण्यासारखी झाले असते.

पंकजाने श्वास धरला. ढोराच्या त्या चिकट्यात अंगठा बुडवला, पाकळी अंगठ्यावर उचलली, तिच्या जागी ठेवली आणि दाबून धरली. सरस घट्ट होईपर्यंत तिने हात हलवला नाही. त्यातला रसकापूर तिच्या कातडीत शिरत होता. दुसऱ्या दिवशी अंगठ्यासकट तिची तीन बोटं फोडांनी भरली. मला लाज वाटली, कारण ताजी असते तर असलेच फोड मी उठवले असते आणि वर मिरवले असते. आता ते माझ्यासाठी उठले होते.

ते आठ दिवस पंकजा गोठ्याच्या पडवीत राहिली. जेवण केळीच्या पानावर बाहेर मिळे. कावेरीत बुडी मारून आली तरी मीनाक्षीबाईंनी पाण्याच्या घागरीला हात लावू दिला नाही. मीनाक्षीबाईंना मी दुष्ट म्हणणार नाही. रोज पान वाढताना त्यांचे डोळे ओले असत. पण ओल्या डोळ्यांनी माणूस उंबऱ्याच्या आत येत नाही.

साहेब आला. ओट्यावर खुर्ची मांडली होती. पेटी उघडली आणि त्याने रुमाल नाकाला लावला. काठीच्या टोकाने त्याने कागद उलटले. त्याच्या तोंडावरची किळस बघून मला वाटलं, आता सगळं काठीनेच गटारात लोटणार.

"हे कुणी चिकटवलं?" त्याने विचारलं.

"मी," गोपालकृष्णराव म्हणाले.

पंकजा ओट्यालगतच्या गोठ्याच्या दाराआड उभी होती. तिने तोंड उघडलं होतं, रावांनी मागे न बघताच हात आडवा केला.

"सरस दिला होता तो?"

"वापरला नाही. चूक माझी."

साहेबाने त्यांना कामावरून काढलं, तिथेच, दोन वाक्यांत. मग राव म्हणाले, "एक अजून आहे," आणि मला त्यांनी दोन्ही हातांवर धरून पुढे केलं. साहेबाने काठी बाजूला ठेवली. भिंग काढलं. मोजताना त्याचे ओठ हलत होते. सातवर आल्यावर तो थांबला आणि रुमाल नाकावरून खाली आला.

"हीसुद्धा तूच?"

"नाही," राव म्हणाले. "ही माझ्या बहिणीने."

साहेबाने गोठ्याच्या दाराकडे पाहिलं. दारात कुणी दिसलं नाही. उंबऱ्याच्या वर, चौकटीला धरलेली, फडकं गुंडाळलेली तीन बोटं तेवढी दिसत होती. मला कागदात गुंडाळून त्याने स्वतःच्या पिशवीत घातलं.

मित्रांनो, आता मी सातासमुद्रापलीकडे एका थंड कपाटात असते. माझ्या कागदावर शाईने लिहिलं आहे: शोधणारा, गोपालकृष्ण, कुंभकोणम. साहेबाने शब्द पाळला. पंकजाचं नाव कुठेच नाही. तिला पुन्हा हार ओवायला मिळाले की नाही, फोड बरे झाले की नाही, मला माहीत नाही. या न कळण्याची खंत मला झुरळांच्या वासापेक्षा जास्त त्रास देते.

दर काही वर्षांनी कुणी विद्वान कपाट उघडतो. माझ्याकडे बघतो आणि नाक मुरडतो. कारण माझ्या फुलाखाली एक तपकिरी, जाड, ओबडधोबड डाग आहे. नीट पाहिलं तर त्यात अंगठ्याच्या रेषा दिसतात, पण नीट कोण पाहतो? काल एक नवा तरुण आला. "घाणेरडं काम केलंय कुणीतरी," म्हणाला, आणि उद्या ओलं फडकं आणि पातळ सुरी आणून तो डाग खरवडतो असं सांगून गेला.

मित्रांनो, माझ्या जातीचं दुसरं रोप या जगात नाही आणि माझं तोंड कागदाला चिकटलेलं आहे. तुमच्यापैकी कुणाला त्या तरुणाला गाठता आलं तर एवढं सांगा. नाक मुरडायचं तर खुशाल मुरड, मीही आयुष्यभर तेच केलं. पण सुरी लावण्याआधी माझ्या पाकळ्या मोज. सहा सुट्या दिसतील. सातवी त्या अंगठ्याखाली आहे.